आइल ऑफ वाइट: किनाऱ्याची पूर्ण फेरी, गाइडशिवाय – मे महिन्यासाठी सल्ला हवा

वाटसरू_कोथरूड

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही दोघं (वय ६१ आणि ५८) मुलीकडे रेडिंगला येतोय. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट बेटाला सुमारे ११० किमीची पायवाट पूर्ण वळसा घालते. ती आपली आपण, गाइड न घेता चालायची आहे. सह्याद्रीत चालायची सवय आहे, दिवसाला १५ किमी आरामात होतात. हिचा एक गुडघा लांब उतारावर दुखतो. दोघंही शाकाहारी, मला अंडं चालतं, हिला नाही.

काही कंपन्या मुक्काम बुक करून देतात आणि रोज सामान पुढच्या मुक्कामी पोचवतात. ते पॅकेज घ्यावं, की सगळं स्वतः जुळवावं? दिवस किती ठेवावेत, सुरुवात कुठून करावी, कुठल्या दिशेने जावं? दरडींमुळे वाट काही ठिकाणी बंद आहे असं वाचलं, तिथे काय करायचं? आणि पावसाळी जोडे, काठ्या वगैरे इथूनच न्यावं का?

सोलेंटकाठ

स्वागत. सवय असलेल्या माणसाला ही वाट अवघड नाही, पण सपाटही नाही, आणि "समुद्र दिसतोय म्हणजे चुकणार नाही" हे इथे खरं नाही. उत्तरेकडचा बराच भाग शेतांतून, खाडीला वळसे घालत आणि चक्क डांबरी रस्त्याने जातो.

दिशा: राइडपासून सुरू करा आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे जा. देवळाच्या प्रदक्षिणेसारखं बेट कायम उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या. त्यामागचं व्यावहारिक कारण असं की पहिले दोन दिवस सोपे जातात, मधले दिवस चढउताराचे येतात, आणि चिखलाचा उत्तर किनारा अंगात चाल मुरल्यावर येतो.

तुमच्या १५ किमीच्या हिशोबात आठ दिवस नीट बसतात. अंतरं अंदाजे धरा: राइड ते बेम्ब्रिज १२, बेम्ब्रिज ते शँकलिन ११, शँकलिन ते नायटन १५, नायटन ते ब्रुक १५, ब्रुक ते टॉटलंड १५, टॉटलंड ते शॅल्फ्लीट १७, शॅल्फ्लीट ते काउज १५, काउज ते राइड १३. पुष्कळ लोक यार्मथ ते काउज हा २५ किमीचा टप्पा एका दिवसात उरकतात. पाऊस होऊन गेलेला असेल तर ते करू नका, कारण पुढे लिहितो.

हे टप्पे असे तोडलेत, कारण प्रत्येक टोकाला सार्वजनिक वाहन आहे. बेम्ब्रिजहून ८ नंबरची बस, शँकलिनला रेल्वे, नायटनहून ६, ब्रुकहून १२, टॉटलंड आणि शॅल्फ्लीटहून ७, काउजहून १, राइडहून ९. बहुतेक बसेस बेटाच्या मध्यावरच्या न्यूपोर्टला येऊन मिळतात. म्हणून माझं ठाम मत: या बेटावर रोज मुक्काम बदलायची गरजच नाही. पूर्वेला शँकलिन किंवा सँडाउन इथे चार रात्री, पश्चिमेला फ्रेशवॉटर, टॉटलंड किंवा यार्मथला चार-पाच रात्री, एवढे दोनच मुक्काम घ्या. सकाळी बसने कालच्या टोकाला जायचं, दिवसभर चालायचं, संध्याकाळी बसने परत. सामान हलवायचं ते एकदाच, चौथ्या दिवशी. त्यासाठी बेटावरचा टॅक्सीवाला आधी ठरवून ठेवा. एका मालकाकडून बॅगा उचलून दुसऱ्याकडे ठेवणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे.

यात सावध राहायचं ते १२ नंबरच्या बाबतीत. ती दिवसातून मोजक्या वेळा आहे, तेव्हा ब्रुकला पोचायची वेळ बसवरून उलटी मोजा. चेलपासून फ्रेशवॉटर बेपर्यंत मिलिटरी रोडने जाणारी बस हंगामी असते. त्या वर्षीचं वेळापत्रक सदर्न वेक्टिस या बेटावरच्या बस कंपनीच्या ॲपवर बघूनच दिवस ठरवा.

सोलेंटकाठ

आता वाट. जिथे अडायला होतं तेवढंच सांगतो.

पहिला दिवस. राइडचा धक्का १८१४ सालचा, जवळपास अर्धा मैल लांब. तो इतका लांब का, ते ओहोटीला पोचलात तर डोळ्यांनीच दिसेल: वाळूचा पट्टा समुद्रात लांबवर उघडा पडतो. तिथून सीव्ह्यूपर्यंत समुद्राच्या भिंतीवरून चालायचं आहे. भरती आणि जोराचा ईशान्येचा वारा एकत्र आले तर लाटा भिंतीवर येतात. सेंट हेलेन्सला जुन्या गिरणीच्या बांधावरून बेम्ब्रिज बंदर ओलांडता येतं, पण मोठ्या उधाणाला तो बांध पाण्याखाली जाऊ शकतो. अशा वेळी गावातून जाणाऱ्या रस्त्याने वळसा घ्या.

भरतीच्या वेळा ॲडमिरल्टी या ब्रिटिश सागरी नकाशे खात्याच्या 'ईझीटाइड' संकेतस्थळावर आजच्या आणि पुढच्या सहा दिवसांच्या फुकट मिळतात. तिथे आणि छापील तक्त्यात वेळ ग्रीनिचची आहे की उन्हाळी, ते आधी बघा. मे महिन्यात ग्रीनिचच्या वेळेत एक तास मिळवावा लागतो. ही चूक सर्रास होते आणि बरोबर बांधाच्या मध्यावर लक्षात येते.

दुसऱ्या दिवशी कल्व्हर डाउनचा चढ, साधारण शंभर मीटर. खडूचा डोंगर, वर गवत; अशा डोंगराला इथे 'डाउन' म्हणतात. पुढे यॅव्हरलंड, सँडाउन, शँकलिन हा सरळ किनारा.

पाचवा दिवस या वाटेवरचा सगळ्यात सुंदर. फ्रेशवॉटर बेपासून टेनिसन डाउन चढायचा. माथा १४७ मीटरवर, तिथे कवी टेनिसनच्या स्मरणार्थ उभारलेला ग्रॅनाइटचा क्रूस आहे. तिथून नीडल्स या समुद्रातल्या खडूच्या सुळक्यांपर्यंत रुंद हिरवळ, दोन्हीकडे पाणी, डावीकडे उभा पांढरा कडा. कड्याला कठडा नाही. गवत अगदी काठापर्यंत असतं आणि त्याखालचा खडू कधीकधी पोकळ झालेला असतो, तेव्हा फोटोसाठीसुद्धा पाच-सहा पावलांच्या आत जाऊ नका. टोकाला जुन्या तोफखान्याजवळच रॉकेट इंजिनांच्या चाचणीचे काँक्रीटचे ओटे आहेत. ब्रिटनने १९७१ मध्ये स्वतःच्या रॉकेटने सोडलेल्या प्रॉस्पेरो उपग्रहासाठीच्या 'ब्लॅक ॲरो'ची इंजिनं इथे तपासली होती. थोडा वेळ राखून ठेवा. त्यानंतर ॲलम बेला उतरून हेडन वॉरन चढायचा, मग टॉटलंड.

सहावा आणि सातवा दिवस म्हणजे उत्तर किनारा. यार्मथ, बोल्डनर, हॅम्स्टेड, शॅल्फ्लीट, न्यूटाउन, पोर्चफील्ड, थॉर्नेस, गर्नार्ड. इथे चिकणमाती आहे. ओली झाली की बुटाच्या तळाला थर चढत जातो आणि वेग ताशी अडीच किमीवर येतो. न्यूटाउनच्या खाडीवर पूल किंवा होडी नाही, आणि पूर्वेला लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे, म्हणून वाट आत शिरते. नकाशात समुद्र हाकेच्या अंतरावर दिसतो आणि तासन्‌तास दिसतच नाही. इथेच खुणा सुटतात. शेताच्या प्रत्येक फाटकाशी थांबून पुढचं फाटक कुठल्या कोपऱ्यात आहे ते नकाशावर पाहायचं, मगच पाऊल टाकायचं.

नकाशा: ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ओएल २९, प्रमाण १:२५,०००, म्हणजे ४ सेंटिमीटरला १ किमी. पूर्ण बेट एकाच नकाशात येतं. छापील नकाशाबरोबर फोनवर उतरवून ठेवायचा कोडही मिळतो. दोन्ही जवळ ठेवा. दक्षिण किनाऱ्यावर कड्याखाली मोबाइलला रेंज नसते.

मृण्मयी_हॅम्पशर

सोलेंटकाठ यांच्या दोन मुक्कामांच्या मताशी मी अर्धीच सहमत आहे. तरुण मंडळींना ते छान जमतं. पण ६० च्या आसपास, दुखऱ्या गुडघ्यासह, दिवसाच्या शेवटी "पाच वाजून दहाची बस चुकली तर दोन तास थांबा" ही टांगती तलवार चालण्याचा आनंद घालवते. माणूस घाई करतो, आणि घाईत उतारावरच पाय मुरगळतो. सामान पुढे पाठवून रोज पुढच्या गावी राहिलं तर सहा वाजता पोचलात काय आणि सात वाजता काय, फरक पडत नाही. मेच्या मध्यावर पावणेनऊपर्यंत सूर्य असतो.

पॅकेज घेणार असाल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. बॅग माणशी किती, आणि वजनाची मर्यादा काय? बहुधा एक बॅग, २० किलोच्या आत. सकाळी किती वाजता खाली ठेवायची? मुक्काम वाटेवर आहे की वाटेपासून दोन किमी आत, आणि आत असेल तर गाडीने ने-आण किमतीत धरली आहे का? वाट बंद असेल तर बदललेला मार्ग ते देतात का, आणि दिलेलं मार्गवर्णन कुठल्या महिन्यात तपासलेलं आहे? हा शेवटचा प्रश्न या बेटावर सगळ्यात महत्त्वाचा. जुनं वर्णन म्हणजे न दिलेल्यासारखंच. आणि पॅकेजमध्ये बहुतेक वेळा दिवसाला २० ते २५ किमीचे टप्पे असतात, कारण चेल, ब्रुक, शॅल्फ्लीट अशा ठिकाणी राहायच्या खोल्या थोड्या. तुमचं १५ किमीचं माप आधीच सांगा.

स्वतः बुकिंग करणार असाल तर शनिवार-रविवारला दोन रात्रींची अट घालणारी घरं खूप आहेत. मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते, शेवटच्या आठवड्यात शाळांना सुट्टी असते. ८ मे ते २२ मे या दरम्यानचे दिवस धरा. बेटाचा वॉकिंग फेस्टिव्हल मे महिन्यात असतो, त्याच्या तारखाही बघून घ्या. खोल्या तेव्हा लवकर भरतात, पण वाटेवर सोबतही मिळते.

फेरीबोट: गाडी नेऊ नका. पायी प्रवाशाला भाडं कमी आणि बेटावर गाडीचा उपयोग शून्य. रेडिंगहून रेल्वेने पोर्टस्मथ हार्बर, आणि स्टेशनच्या फलाटापासून जवळच राइडची कॅटमरान, २० ते २५ मिनिटांची. रेल्वेचं तिकीट थेट राइड पिअर हेड किंवा शँकलिनपर्यंतचं काढता येतं, त्यात बोटीचं भाडं येतं. साउथसीहून राइडला हॉवरक्राफ्टही आहे, दहा मिनिटांत पोचवतं, मजा येते. पण वारा वाढला की सगळ्यात आधी तेच रद्द होतं. परतीच्या विमानाच्या दिवशी त्यावर विसंबू नका.

खडू_आणि_चिकणमाती

वाट बंद असण्याबद्दल. हे नीट समजून घेतलंत तर कुठली पाटी गंभीरपणे घ्यायची ते आपोआप कळेल. (खरं तर सगळ्याच.)

बेटाच्या दक्षिणेला वर खडू, त्याखाली हिरवट वालुकाश्म, आणि त्याखाली गॉल्ट नावाची निळसर चिकणमाती अशी रचना आहे. थर समुद्राकडे किंचित कललेले आहेत. पावसाचं पाणी खडू आणि वालुकाश्मातून झिरपतं, चिकणमातीपाशी अडतं, आणि तो पृष्ठभाग निसरडा होतो. वरचा अख्खा भाग त्यावरून समुद्राकडे सरकतो. स्थानिक लोक या मातीला 'ब्लू स्लिपर' म्हणतात. बोनचर्चपासून ब्लॅकगँगपर्यंतचा 'अंडरक्लिफ' नावाचा पट्टा म्हणजे अशा जुन्या दरडींवर वसलेली गावं. आपल्याकडे दरड म्हटलं की मुसळधार पावसाचा तो एक दिवस डोळ्यांसमोर येतो. इथे तसं नाही. पाणी आत साचत राहतं आणि हालचाल ओल्या हिवाळ्याच्या शेवटी, कधी कोरड्या ऊन पडलेल्या दिवशीसुद्धा होते. म्हणून "आज पाऊस नाही, जाऊ या" हा तर्क अंडरक्लिफवर चालत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये बोनचर्चला फार मोठी दरड सरकली. लकम्ब ते बोनचर्च ही जंगलातली वाट तेव्हा बंद करण्यात आली, वरच्या लीसन रोडलाही फटका बसला. निघण्याच्या आदल्या आठवड्यात आइल ऑफ वाइट कौन्सिलच्या संकेतस्थळावर पायवाटांच्या बंदचं पान उघडून ताजी स्थिती बघा. बंद असेल तर दोन पर्याय. एक, शँकलिनहून ३ नंबरच्या बसने व्हेंटनर (रस्त्याच्या स्थितीनुसार ती रॉक्सॉलवरून वळवलेली असते). दुसरा, आणि पायी जाणाऱ्यांनी हाच घ्यावा: शँकलिनच्या जुन्या गावातून शँकलिन डाउनवर चढून सेंट बोनिफेस डाउनवरून व्हेंटनरला उतरायचं. बेटाचा सर्वोच्च माथा तिथेच, २४१ मीटर. दुसऱ्या महायुद्धात इथे रडार केंद्र होतं, ऑगस्ट १९४० मध्ये जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. व्हेंटनरकडचा उतार मात्र उभा आणि लांब आहे. गुडघा लक्षात घेता त्या दिवशी नायटनपर्यंतचा हट्ट धरू नका. व्हेंटनरलाच थांबा, बस तिथूनही आहे.

नैर्ऋत्य किनारा, म्हणजे चेलपासून कॉम्प्टन बेपर्यंत, याची गोष्ट वेगळी. इथे कडा मऊ वाळू आणि मातीचा, दरवर्षी मागे सरतो. वाट कड्याच्या काठाने आणि मिलिटरी रोडच्या मधून जाते. कुंपण आत सरकवलेलं दिसेल आणि त्याच्या बाहेर जुनी मळलेली वाट अजून दिसत असेल. ती तुमची नाही. नैर्ऋत्येचा वारा तुम्हाला कड्यापासून आत ढकलतो, ईशान्येचा बाहेर. त्या दिवशी वारा ईशान्येचा आणि जोराचा असेल तर रस्त्याच्या बाजूने चाला. मधल्या घळींना इथे 'चाइन' म्हणतात. व्हेल चाइनसारख्या घळीतून किनाऱ्यावर उतरायचा मोह टाळा; पायऱ्या वाहून गेलेल्या असतात, आणि खाली उतरून भरती आली तर पुढच्या उतारापर्यंत वर यायला जागा नाही. किनाऱ्यावर उतरायचंच असेल तर ब्रुक किंवा कॉम्प्टनला उतरा. हॅनोव्हर पॉइंटला ओहोटीच्या वेळी डायनोसॉरच्या पावलांचे दगडी साचे दिसतात, तीन बोटांचे, सुपाएवढे. हे बघायला ओहोटीच्या आधी तासभर तिथे असायला हवं, म्हणून नायटन-ब्रुकचा दिवस भरतीच्या तक्त्यावरून निवडा.

किनाऱ्यावर किंवा कड्यावर कुठेही दुर्घटना झाली तर ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागा, रुग्णवाहिका नव्हे. कड्याच्या बचावाचे दोर आणि माणसं त्यांच्याकडे असतात. नकाशावरचा, नेमकी जागा सांगणारा सहा अंकी ग्रिड संदर्भ वाचता येत असेल तर मदत लवकर पोचते. पद्धत नकाशाच्या कडेला छापलेली असते.

वाटसरू_कोथरूड

सगळ्यांचे आभार, एवढ्या बारकाईने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मृण्मयीताई, बसच्या घाईचा मुद्दा पटला. पहिले चार दिवस शँकलिनहून ये-जा आणि पुढे पश्चिमेला रोज मुक्काम बदलणं, असं मिश्रण जमेल का? आणि जेवणाचं कोणीच लिहिलं नाही.

मृण्मयी_हॅम्पशर

जमेल, आणि तुमच्यासाठी तेच बरं. पूर्वेकडे बस-रेल्वे भरपूर, तिथे एक मुक्काम. नंतर फ्रेशवॉटर दोन रात्री, यार्मथ एक, काउज एक. बॅगा टॅक्सीने पाठवायच्या. टॅक्सीवाल्याला दोन्ही घरांचे पत्ते, फोन आणि पोस्टकोड एकाच मेसेजमध्ये द्या, आणि दोन्ही घरमालकांना कळवून ठेवा की बॅग आधी येईल. इथली छोटी घरं दुपारी बंद असतात. दार उघडायला कोणी नसलं की बॅग परत जाते. औषधं, पासपोर्ट, चार्जर कधीही त्या बॅगेत नको.

शिदोरी

जेवणाचं मी सांगते. सकाळचा नाश्ता मुक्कामी मिळतो. बुकिंग करतानाच लिहा: मांस, मासे नाहीत, आणि एका व्यक्तीला अंडंही नको. नुसतं "व्हेजिटेरियन" लिहिलं तर ताईंच्या ताटात अंडी येणारच. मिळतं ते भाजलेले टोमॅटो, मशरूम, बीन्स, टोस्ट, पॉरिज. दुपारी बऱ्याच टप्प्यांवर काहीच नसतं. चेल ते ब्रुक आणि शॅल्फ्लीट ते गर्नार्ड हे दोन पट्टे तर कोरडेच धरा. तिथे माणशी दोन लिटर पाणी घेऊन निघायचं. सार्वजनिक नळ कमी, पण कॅफे आणि पबमध्ये विनंती केली तर बाटली भरून देतात.

रेडिंगहून थेपले, गूळपोळ्या, खाकरे, शेंगदाणा चटणी नेता येईल. मेच्या हवेत थेपले चार दिवस छान राहतात. पुण्याहून येताना मात्र पेढे, बर्फी, तूप आणू नका. भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस ब्रिटनमध्ये आणायला प्रवाशांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, भाजणी, चिवडा चालतो.

संध्याकाळी पबमधलं स्वयंपाकघर आठ-साडेआठला बंद होतं, रविवारी त्याहून लवकर. शाकाहारी एक-दोन पदार्थ असतात, पण ग्रेव्ही आणि सूप कशात शिजवलंय ते विचारा. चिप्स कुठल्या चरबीत तळलेत तेही. मोठ्या गावांत लहान सुपरमार्केट असतं. फ्रेशवॉटरला मुक्काम असेल तर तिथे भरून घ्या, पुढचे दोन दिवस निघतात.

सोलेंटकाठ

सामानाबद्दल विचारलं होतं, ते राहिलंच.

काठ्या दोन्ही हातांत घ्या, गुडघ्यासाठी त्या आवश्यकच आहेत. विमानात केबिन बॅगेत नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत टाका. उतारावर काठी पाच सेंटिमीटर लांब करायची, चढावर तेवढीच आखूड. रबराची टोपणं डांबरी रस्त्यासाठी ठेवा, खडूवर काढून टाका. ओला खडू साबणासारखा गुळगुळीत होतो आणि रबर त्यावर सरकतं.

बूट घोट्यापर्यंतचे, खोल नक्षीच्या तळाचे. नवे असतील तर पुण्यातच महिनाभर घालून चाला. सपाट झिजलेला तळ कातळावर चालून जातो, हॅम्स्टेडच्या चिखलात नाही. घेर असलेला रेनकोट किंवा छत्री नको, वाऱ्यात दोन्ही निरुपयोगी. पूर्ण चेनचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि वरून घालायची पँट घ्या. मेमध्ये दिवसाचं तापमान १५ अंशांच्या आसपास, पण टेनिसन डाउनवर वाऱ्याने कानटोपी लागते आणि त्याच दिवशी नाकही उन्हाने भाजतं.

गुरं: वाट शेतांतून जाते, तिथे गायी मोकळ्या असतात. वासरं बरोबर असतील तर कळपाच्या मधून जायचं नाही, कडेने लांबून जायचं. आपल्याकडच्या गायींसारख्या या माणसाळलेल्या नसतात. फाटक जसं होतं तसंच लावायचं.

गवतात गोचीड असते, तिच्यातून लाइम आजार होऊ शकतो. लांब पँट मोज्यात खोचा. रोज रात्री गुडघ्यामागे, कमरेला, काखेत तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडी, मीठ काही लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे.

खडू_आणि_चिकणमाती

विम्याबद्दल एक भर. ब्रिटनमध्ये तातडीच्या विभागात पाहणी फुकट होते, पण रुग्णालयात दाखल केलं की पाहुण्यांना एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल लागतं. पॉलिसीत पायी भटकंती आणि आधीचं गुडघ्याचं दुखणं दोन्ही लिहून घ्या. बेटाचं रुग्णालय न्यूपोर्टला आहे. व्हिसा ब्रिटनचाच, बेटासाठी वेगळं काही नाही. बोटीवर पासपोर्टही बघत नाहीत.

मृण्मयी_हॅम्पशर

शेवटच्या दिवसाचं, काउज ते राइड. मेडिना नदी ओलांडायला साखळीवर चालणारी 'फ्लोटिंग ब्रिज' नावाची फेरी आहे, काउज ते ईस्ट काउज, काही मिनिटांची. ती दुरुस्तीसाठी वारंवार बंद असते. आदल्या संध्याकाळी कौन्सिलच्या पानावर बघा. बंद असली तर बहुधा पायी प्रवाशांसाठी छोटी लाँच ठेवतात. तीही नसेल तर १ नंबरने न्यूपोर्ट आणि तिथून ५ नंबरने ईस्ट काउज, यात तासभर जातो.

त्या दिवसाचा बराच भाग रस्त्याने आहे, कारण किनारा ऑस्बोर्न हाउसच्या आवारात येतो. काहीजण म्हणूनच हा टप्पा बसने उरकतात. मी म्हणेन, चाला, पण ऑस्बोर्नमध्ये दोन-अडीच तास द्या. राणी व्हिक्टोरियाचं हे घर. १९०१ मध्ये ती इथेच वारली. आतल्या दरबार हॉलचं नक्षीकाम लाहोरच्या कलाशाळेतल्या भाई राम सिंग यांनी केलेलं आहे. छताकडे आणि भिंतींवरच्या जाळीकामाकडे बघा, ते सगळं प्लास्टरचं आहे यावर विश्वास बसत नाही. राणीने मुद्दाम काढवून घेतलेली भारतीय कारागिरांची व्यक्तिचित्रंही त्याच भागात आहेत. पाठीवरची मोठी सॅक आत नेता येते का ते दारावर विचारा, आणि बंद होण्याच्या वेळा आधी बघा.

तिथून वूटन, फिशबोर्न, मग क्वार ॲबी. या मठाचं चहाघर दुपारनंतर लवकर बंद होतं, चार वाजण्याआधी पोचा. पुढे राइडपर्यंत तासाभराचीच चाल.

वाटसरू_कोथरूड

१० मेपासून तारखा धरतोय. शँकलिनला चार रात्री आजच विचारतो. एकच राहिलं: शँकलिन-नायटनच्या दिवशी डाउनवरून जायचं ठरवलं आणि व्हेंटनरलाच थांबलो, तर उरलेला व्हेंटनर-नायटन तुकडा दुसऱ्या दिवशीच्या टप्प्यात जोडता येईल का? मग ब्रुकपर्यंत २३ किमी होतात, ते झेपणार नाहीत.

सोलेंटकाठ

जोडू नका. चौथा दिवस व्हेंटनर ते चेल करा, १२ किमी. पाचवा चेल ते ब्रुक, ११. एकूण एक दिवस वाढतो, आणि तो वाढवाच. व्हेंटनर ते नायटन हा कड्याकाठचा पायऱ्यांचा तुकडा घाईत संपवण्यासारखा नाही. चेलहून परतीला ६ नंबरची बस ब्लॅकगँगच्या थांब्यावर मिळते का ते त्या हंगामाच्या वेळापत्रकात बघा. नसेल तर नायटनलाच थांबा, तिथे बस नक्की आहे, आणि पाचव्या दिवशी तिथूनच सुरू करून ब्रुक गाठा, १५ किमी. शँकलिनची पाचवी रात्र आताच जोडून घ्या.